विमानांची कुळी सांगणारे म्हाकूतात्या

माझ्या फोटो स्टुडिओत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास माझ्या पाठीमागे डोकवायचा आणि विचारायचा, "फोटोवाला कुठं गेलाय?" वडिलांच्या माघारी दुकान मी चालवायला घेतलं होतं आणि बारामतीत ही गोष्ट पचनी पडायला लोकांना बराच वेळ लागला. म्हाकूतात्यांनी मात्र असलं काही विचारलं नाही. त्यांनी रुमालात गुंडाळलेला रोल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्यातल्या रिबिटा मोजता आल्या पायजेत."

रोल धुतला तर त्यात एकही माणूस नव्हता. नुसता पत्रा. पत्र्याचे सांधे, सांध्यांवर ठोकलेल्या रिबिटा, पत्र्याची भोकं, पत्र्यावरचे पोपडे. हा माणूस भंगाराचा धंदा करतो, असं मी धरून चालले. लग्नसराईचे दिवस होते, नवरानवरींचे रोल साचले होते, आणि मी रिबिटा मोजत बसले होते. फोटो न्यायला आले तेव्हा मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, की हे आहे तरी काय. तर तात्या काउंटरला टेकले आणि एका विमानाचं सगळं चरित्र त्यांनी मला ऐकवलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं ताटकळली, पण एकही उठून गेलं नाही.

म्हाकूतात्या निमगाव केतकीचे. घराणं मेंढपाळांचं. वडिलांचा मोठा कळप होता. पुढे पाण्याची सोय झाली तशी मेंढरं गेली आणि डाळिंबं आली. तात्या मात्र त्याआधीच हवाई दलात भरती झाले होते. विमानाचा सांगाडा दुरुस्त करणारे फिटर म्हणून लागले आणि वॉरंट ऑफिसर होऊन घरी आले. बाग मुलानं सांभाळली. तात्यांनी सांभाळली ती इंग्लंडातून इकडे आलेली जुनी विमानं. म्हणजे विमानं नव्हेत, त्यांची कुळी.

विमानांच्या जातींबद्दल बोलणारे हौशी लोक पुष्कळ असतात. तात्यांना जात नको असायची, एकेक विमान हवं असायचं. हे कुठल्या कारखान्यात झालं, कुठल्या बोटीतून पेटीत बसून मुंबईला उतरलं, कुठल्या तळावर राहिलं, त्याचं चाक कुणी मोडलं, ते कुणी आणि कसं बसवलं, आणि शेवटी ते कुणाच्या भंगारात गेलं. इंग्लंडातले एक निवृत्त पोस्टमास्तर हाच उद्योग करायचे. दोघांचा पत्रव्यवहार होता. तात्यांचं इंग्रजी हवाई दलातलं, त्यात विनंती वगैरे नसायची. 'पंखाची माहिती पाठवा' एवढंच लिहायचे, आणि पोस्टमास्तर बिचारे ती पाठवायचे.

ही खोड कुठून लागली, असं मी एकदा विचारलं होतं. तात्यांच्या वडिलांना म्हणे आपल्या कळपातली प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखू यायची. नुसती ओळखू यायची नाही, तर तिची आई कोण, आजी कोण, आणि ती कुठल्या बाजारात कुणाला दिली, हेही सांगता यायचं. तात्या हवाई दलात गेले आणि एका रांगेत उभी असलेली एकसारखी विमानं त्यांनी पाहिली. बाकीच्या पोरांना ती एकसारखी दिसली. तात्यांना आठवड्याभरात कळायला लागलं, की ही लंगडते, ही गुरगुरते आणि ही गरीब आहे.

अंगानं किरकोळ, सदऱ्याच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं भिंग, आणि कुठल्याही वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करायची सवय. समोरची वस्तू पुरती बघून झाल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. नव्यानं रंगवलेल्या कशावरही त्यांचा विश्वास नसे, मग ती एसटी असो की सरपंचांची जीप. माझ्या दुकानाच्या दारावर त्यांनी एकदा उगीचच नखानं खरवडलं आणि म्हणाले, निळ्याच्या खाली हिरवा आहे आणि हिरव्याच्या खाली गुलाबी. गुलाबी दार माझ्या आईला आवडायचं. ते मी विसरूनच गेले होते. त्या दिवशी मी त्यांच्याकडून फोटोंचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं, पण त्यांनी ते चालू दिलं नाही.

त्यांचं एक वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. "रंगाचं ऐकायचं न्हाय, नंबराचं बी ऐकायचं न्हाय. ठिगळाचं ऐकायचं." विमानाला दुखापत झाली की फिटर ठिगळ लावतो. रंग दर दोन-चार वर्षांनी बदलतो, नंबर पुसून नवा घालता येतो, पण ठिगळ काढलं तर भोक उरतं. म्हणून ते कुणी काढत नाही.

या नादापायी त्यांनी काय काय उद्योग केले, ते सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. सोलापूर रस्त्याला इंदापूरच्या अलीकडे एका ढाबेवाल्यानं 'डव्ह' जातीचं जुनं आठ माणसांचं विमान आणून दाराशी ठेवलं होतं. माझ्याकडे धुवायला आलेला पहिला रोल त्याचाच. 'राजेसाहेबांचं विमान' अशी पाटी लावली होती आणि पोरंटोरं आत बसून भजी खायची. तात्यांनी त्याची कुळी काढली. त्यात एकही राजा निघाला नाही. ते विमान बरीच वर्षं टपालाच्या थैल्या वाहत होतं. ढाबेवाला भडकला, धंद्याची वाट लावता का म्हणाला. तात्यांनी शांतपणे सांगितलं, की राजाची वाट कोण बघत होतं? टपालाची सगळी बघायची. पुढच्या खेपेला बघते तर पाटी बदललेली. 'जुनं टपाल विमान. आत बसून पत्र लिहा.' ढाबेवाल्यानं खरंच आत एक टेबल टाकलं होतं.

दुसरी गोष्ट कऱ्हाटीची. तिथल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात म्हशी ज्या डोणीतून पाणी प्यायच्या, ती डोण विमानाच्या पोटाखाली लावायच्या जादा तेलाच्या टाकीची आहे, असं तात्यांना कुणीतरी सांगितलं. झालं, तात्या निघाले. मला कॅमेऱ्यासकट बरोबर घेतलं. गोठ्यात शिरून, म्हैस बाजूला सारून, तात्या डोणीखाली आडवे झाले आणि भिंग लावून बघायला लागले. शेतकऱ्याला वाटलं जप्ती आली. त्याची बायको आत गेली आणि सासऱ्यांना घेऊन आली. तात्या आडवे पडूनच विचारत होते, ही कुणाकडून घेतली, त्यानं कुणाकडून घेतली, बैलं दिली का पैसे दिले. म्हातारबुवांना असे प्रश्न ओळखीचे होते. ते मांडी घालून बसले आणि पुण्याच्या लिलावापासून सगळं सांगितलं. तात्यांनी त्याच्या आधीचं सांगितलं. त्या वर्षी दसऱ्याला त्या घरात कोयत्या-कुदळीच्या शेजारी डोणीचीही पूजा झाली. तो फोटो मी काढलाय. म्हैस जरा नाराज दिसते.

असा हा माणूस. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते.

बारामतीच्या एका शाळेला हवाई दलाकडून एक जुनं विमान मिळालं. 'व्हॅम्पायर' जातीचं, दोघांनी शेजारी बसून शिकायचं जेट. इंग्लंडात बनलेलं. अंगानं ते लाकडी, पंख आणि शेपटी धातूची. शाळेच्या आवारात चौथरा बांधून ते बसवायचं ठरलं, आणि त्याच सुमाराला कुणाच्या तरी ध्यानात आलं, की पिंपळीचा ज्ञानदेव याच जातीच्या विमानावर शिकला होता.

ज्ञानदेव हा पिंपळीच्या भागूआक्कांचा थोरला मुलगा. तेही घर मेंढपाळाचंच. पोरगं हुशार निघालं, पुण्याला शिकलं, वैमानिक झालं. पुढे एकदा ईशान्येकडच्या डोंगरांवर रसद टाकायला गेलेलं विमान परत आलं नाही. ज्ञानदेव त्यात होता. विमान सापडलं नाही, माणसं सापडली नाहीत. भागूआक्कांच्या हाती काही म्हणता काही आलं नाही. राख नाही की कपडा नाही. होता तो एक फोटो, तळहाताएवढा. शिकत असताना पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून उतरल्यावर काढलेला. ज्ञानदेव विमानाच्या नाकाशी उभा आहे, आणि शेपटीवर नंबर दिसतोय.

शाळेत आलेल्या विमानावर चार वेळा रंग चढला होता, बाहेर नंबर उरला नव्हता. पण आत, वैमानिकासमोरच्या घड्याळांच्या फळीवर, कारखान्याची पितळी पट्टी होती. हेडमास्तरांनी तात्यांना बोलावलं. समारंभ तासाभरावर आला होता. भागूआक्कांना जीपमधून आणून चौथऱ्यापाशी खुर्चीत बसवलं होतं. लुगड्याचा पदर घट्ट धरून त्या विमानाकडे बघत होत्या, आणि लोक त्यांच्याकडे. तात्या शिडीनं वर चढले, आत वाकले, पट्टी वाचली. खिशातल्या कागदावर फोटोतला शेपटीचा नंबर आणि त्या विमानाचा कारखान्यातला नंबर लिहून आणला होता, त्याच्याशी ताडून पाहिली. मग खाली बघून म्हणाले, "व्हय. ह्येच."

भागूआक्का उठल्या. चालत गेल्या आणि विमानाच्या नाकावर हात ठेवला. रडल्या नाहीत. बैलाच्या कपाळावरून फिरवतात तसा तो हात फिरवत राहिल्या. मी फोटो घेतला. माझ्या आयुष्यात मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर दर बाजाराला भागूआक्का शाळेत यायला लागल्या. भाजीची पिशवी पायाशी ठेवायच्या, नाकावर हात ठेवायच्या, जरा वेळ उभ्या राहायच्या आणि एसटी गाठायच्या. शाळेतली पोरं त्यांना वाट करून द्यायची.

हेडमास्तरांना ज्ञानदेवचा फोटो मोठा करून हवा होता, शाळेत लावायला. तात्या आक्कांकडून तो घेऊन आले. मी त्याची निगेटिव्ह केली आणि मोठा कागद लावला. डार्करूममध्ये तात्या शेजारीच उभे होते. ट्रेमध्ये चित्र हळूहळू उमटायला लागलं. आधी टोपी, मग दात, मग विमानाचं नाक. आणि मग, ज्ञानदेवच्या खांद्याच्या जरा वर, वैमानिकाच्या जागेवरच्या काचेच्या खाली, एक चौकट दिसायला लागली. शंकरपाळ्याच्या आकाराची.

तात्यांनी ओला कागद हातात घेतला. लाल उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. भिंग लावून ते म्हणाले, "हितं ठिगळ हाय. शाळंतल्याला न्हाय."

आम्ही तसेच शाळेत गेलो. तात्यांनी भिंग लावून, बोटानं चाचपून, टकटक करून पाहिलं. लाकडाला लावलेलं ठिगळ नाहीसं होत नाही. ते तिथं नव्हतंच. मग पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पॉलिशपेपर पाण्यात बुडवून तात्यांनी तळहाताएवढा रंग घासला. रुपेरी गेला, पिवळा गेला, आणखी एक रुपेरी गेला आणि एक काळा नंबर निघाला. दुसराच. कुठल्या तरी आवारात दोन मोडकी विमानं शेजारी पडली असणार, आणि एकाची घड्याळांची फळी दुसऱ्यात बसवून एक धडकं विमान केलं असणार. फळीबरोबर पट्टीही आली.

तात्या चौथऱ्यावर बसले. आयुष्यभर जे दुसऱ्यांना सांगितलं, नेमकं तेच समारंभाच्या दिवशी त्यांनी केलं नव्हतं. म्हातारी समोर बसली होती, तिला ताटकळत ठेवायचं नव्हतं, म्हणून नंबराचं ऐकलं. "मेंढपाळाच्या पोटचा मी," ते म्हणाले, "आन कातडं बघून कोकरू वळखलं."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मेंढीचं कोकरू मेलं, आणि दुसरं एखादं पोरकं कोकरू असलं, तर मेलेल्याचं कातडं काढून ते पोरक्याच्या अंगावर बांधतात. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि दूध पाजते. ही पट्टी म्हणजे ते कातडं.

हेडमास्तर म्हणाले, राहू द्या. कुणाचं काय बिघडतंय? मीही तेच म्हणाले, आणि नुसतं म्हणाले नाही, भांडले. खरं सांगून त्या बाईच्या हातातलं तेवढंही काढून घेणार का, असं विचारलं. मला तात्यांचा खरोखर राग आला होता. विमानाची कुळी चुकली तर चुकली, आभाळ कोसळत नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ढाबेवाल्याला मी खोटं ठेवू दिलं नाही, आणि आक्काला देऊ? तिनं माझ्या शब्दावर हात ठेवलाय.

पिंपळीला आम्ही दोघंच गेलो. भागूआक्का ओसरीवर वाल सोलत होत्या. तात्या पायरीवरच बसले, वर आले नाहीत. पाणी दिलं तेही घेतलं नाही. ठिगळाचं, घासलेल्या नंबराचं, दोन विमानांचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आक्का, कातडं ज्ञानूचं हाय. कोकरू दुसऱ्याचं हाय. माझी चूक झाली."

भागूआक्का वाल सोलत राहिल्या. सूप अर्धं भरलं असेल. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मग त्यांनी तात्यांना विचारलं, "कातडं किती दिस ठेवायचं असतंय रं?"

तात्यांनी पायरीच्या दगडावर बोटानं टकटक केली.

"इसारला काय? दोन-चार दिस. मग त्ये नासतंय, काढून टाकावं लागतंय. आन काढलं म्हून मेंढी काय कोकराला लाथ मारती व्हय? तवर ती त्याची झालेली असती." त्यांनी शेंगांची टरफलं बाजूला सारली. "इतकं बाजार हात फिरवलाय मी त्याच्यावर. ती पट्टी काढून मला आणून दे. माझ्या ज्ञानूच्या नजरंसमोर व्हती ती. आन मी यायची ती येनारच."

तात्यांनी मान खाली घातली होती. मघाशी न घेतलेलं पाणी त्यांनी आता ओढून घेतलं. मला माझं भांडण आठवलं आणि बरं वाटलं की ते मी हरले.

भागूआक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि पुन्हा विचारलं, "मग शाळंतला ह्यो कुनाचा? त्याची बी आय आसंल की कुठंतरी."

पट्टी काढायला पेचकस हेडमास्तरांनी स्वतः आणून दिला. भागूआक्कांनी ती देव्हाऱ्यात ठेवली नाही, उशाला ठेवली. आणि तात्या कामाला लागले. पोस्टमास्तरांना लिहिलं. जुन्या सोबत्यांना पोस्टकार्डं टाकली. कुणी भेटायला यायचं, कुणाला तात्या भेटायला जायचे. त्या विमानावर बरीच पोरं शिकली होती. बहुतेक सगळी म्हातारी होऊन सुखानं घरी बसली होती. एक तेवढा लढाईत गेला होता. पंजाबातला. लुधियानाकडच्या एका खेड्यात त्याची आई अजून होती.

पत्र पाठवा, असं मी सुचवलं. तात्या म्हणाले, आक्काला पत्र टाकलं होतं का? स्वतः जाणार. त्यांनी त्या फोटोची प्रत मागितली, नाकावर हात ठेवलेल्या भागूआक्कांची. मोठी करून, चांगल्या कागदावर. या वेळी पैसे मी घेतले नाहीत आणि त्यांनीही ताणून धरलं नाही.

बारामतीच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले होते. तात्या तिकडून परत आले, ती माउली भेटली, हे मला पुढे त्यांच्या मुलाकडून कळलं. पण त्याच हिवाळ्यात निमगावला त्यांना झोपेतच मरण आलं, आणि आमची गाठ पडली नाही. म्हणून माझ्याकडे आहेत ते या स्टँडवरचेच तात्या. दौंडच्या गाडीत खिडकीशी बसलेले. गुडघे दुखायचे म्हणून पाय पुढच्या सीटखाली लांब केलेले. मांडीवर फोटोचं पाकीट, दुमडू नये म्हणून एका पंजानं सपाट धरलेलं, आणि शेजारी भागूआक्कांनी दिलेली डाळिंबांची पिशवी. त्या बाईसाठी. गाडी सुटेपर्यंत तात्या दुसऱ्या हातानं पुढच्या सीटच्या पाठीवर टकटक करून बघत होते.

मी खिडकीखालून विचारलं, की तात्या, तिकडे जाऊन त्या आईला सांगणार तरी काय?

"सांगायचं काय त्यात," तात्या म्हणाले. "तुमचं कोकरू आमच्या कळपात हाय म्हनायचं. दूध पितंय म्हनायचं."